पाइप कुठं उतरतो?

बिराजदार साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी दारातून आत जात नसत. फाटकातून शिरायचे, घराला एक वळसा घालायचे, मान वर करून गच्चीकडं बघायचे आणि मग समोर येईल त्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचे, "पाइप कुठं उतरतो?" नमस्कार त्यानंतर.

निम्म्या लोकांना वाटायचं हा माणूस घरपट्टीवाल्यांकडून आला आहे. जुळे सोलापूर भागातल्या एका गृहस्थांनी तर वरची खोली जुनीच आहे, नवीन काही बांधलेलं नाही, असं सांगत त्यांना बसवून चहा पाजला आणि कपाटातून पावत्या काढल्या. साहेबांनी चहा शांतपणे संपवला, पावत्यांना हात लावला नाही, आणि त्या गृहस्थांचा दंड धरून त्यांना घरामागं नेलं. गच्चीचा पाइप फरशीवर उतरत होता आणि फरशीचा उतार फाटकाकडं होता. "हे बघा," साहेब म्हणाले, "इथनं तुमचा पाऊस जातो." एखाद्याची पिशवी बसमध्ये राहिली आहे हे सांगावं, तसं ते सांगायचे. तुमच्या गच्चीवर पडला म्हणजे तो तुमचा, त्यात त्यांना काही वादाचं वाटतच नसे.

माझी त्यांची ओळख कामातून झाली. आमची संस्था छोटी आणि तिथं 'हे कोण करणार आणि कधीपर्यंत' असं विचारणारी बाई म्हणजे मी. त्या वर्षी आम्ही एक मोहीम हाती घेतली होती. शहरातल्या घरांनी आणि सोसायट्यांनी आपल्या बागा पाऊस जिरवणाऱ्या कराव्यात, एवढंच लोकांना पटवायचं होतं. सोलापुरात पाऊस कमी हे सगळे जाणतात. पण पडतो तेव्हा एकदम पडतो आणि अंगणांना आता फरशी नाहीतर पेव्हर ब्लॉक. गच्चीवरचं पाणी फरशीवर, फरशीवरून रस्त्यावर, रस्त्यावरून उताराच्या गल्लीत. गल्ली तुंबते, आणि उन्हाळ्यात वरच्या ज्या घरांतून ते पाणी गेलं त्यांचेच बोअर आटून दारात टँकर उभा राहतो.

उपाय अवघड नाही. अंगणात एक खोलगट वाफा खणायचा. काळी माती पाणी लवकर खाली सोडत नाही, म्हणून ती मुरूम लागेपर्यंत काढायची. त्यात वाळू, मुरूम आणि कुजलेलं खत भरायचं, पण काठोकाठ नाही, वीतभर खाली ठेवायचं. गच्चीचा पाइप त्यात सोडायचा. कर्दळ, वाळा, अडुळसा, गवती चहा लावायचा. पाणी दिवसभरात जिरतं, डासांना वेळ मिळत नाही. हे मी आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. लोकांना पटेल असं कसं सांगायचं, हा खरा प्रश्न होता, आणि त्यासाठी आम्हाला बागेतला जाणकार माणूस हवा होता.

साहेब शहरातल्या बागा सांभाळून निवृत्त झालेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, वरच्या खिशात रुमालात गुंडाळलेली छोटी छाटणीची कात्री, गालात लवंग. कुठंही बोलत उभे असले तरी त्यांचा हात आपोआप जवळच्या झाडाकडं जायचा. एका बँकेत आम्ही मदत मागायला गेलो, तर व्यवस्थापकांशी बोलता बोलता त्यांनी टेबलावरच्या मनी प्लँटची सगळी पिवळी पानं काढून स्वतःच्या खिशात भरली. मदत मिळाली की नाही याच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्याला उजेड कमी पडतो."

घरात ते कानडी बोलत, बाहेर मराठी, आणि दोन्हींमध्ये एक शब्द सारखा असायचा, 'निधान'. म्हणजे सावकाश. मी बैठकीत मुद्दे भराभर वाचायला लागले की ते हात किंचित वर करत, "निधान, यादीबाई, निधान." हे नाव त्यांनीच मला दिलं. सकाळी फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय यादीबाई, आज किती कलमं?" मला राग यायचा असं नाही. पण त्यांच्याबरोबर एक कलम पुरं करायला सकाळ जायची हे खरं.

रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली सांगायचं ठरलं, तेव्हा मी शहरात साड्यांचे सेल ज्याच्या आवाजात जाहीर होतात त्या माणसाला बोलावलं. त्यानं एका दमात सगळं म्हणून दाखवलं. साहेब म्हणाले, "चांगलं आहे. पण लोक खिडक्या लावून घेतील." मग स्वतःच बोलायला बसले. नमस्कार. मग लवंग इकडची तिकडं. तुमच्या गच्चीवरचा पाइप. पुन्हा थांबले. कुठं उतरतो?

तेलुगूसाठी त्यांनी नरसम्माला आणलं. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडं जमीन उतरते, तिथल्या गल्लीत ती राहायची. पन्नाशीची, विड्या वळणारी, आवाज पितळी भांड्यासारखा खणखणीत. तिनं सगळं एका श्वासात सांगून टाकलं. साहेबांनी हात वर करून निधान म्हटल्यावर ती म्हणाली, "विड्या वळणाऱ्या बाईला निधान परवडतंय व्हय, साहेब? तुमाला पेन्शन हाय." साहेब इतके हसले की लवंग बाहेर पडली. तिचं बोलणं आम्ही तसंच ठेवलं. दख्खनी उर्दूतला भाग रिक्षावाल्यानंच म्हटला.

दुसऱ्याच दिवशी रिक्षावाला तक्रार घेऊन आला. "ताई, साहेबांचं वाक्य संपेना. एका गल्लीत नमस्कार होतोय, पुढच्या गल्लीत कुठं उतरतो. लोक विचारायलेत काय उतरतंय." मी नवीन ध्वनिमुद्रण करायचं म्हणून लिहून घेतलं. पण तोवर त्यानं आपल्या डोक्यानं तोड काढली होती. प्रत्येक कोपऱ्यावर रिक्षा लावून वाक्य संपेपर्यंत तो बसून राहायला लागला. थांबलेल्या रिक्षाभोवती लोक जमायचे, प्रश्न विचारायचे, पत्रकं घ्यायचे. ते कलम मी खोडून टाकलं. साहेबांना सांगितलं, तर ते नुसतेच "हं" म्हणाले.

पोस्टर करायचं काम सुजाता कांबळेचं. तिचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि हात चांगला आहे. लोकांना डोळ्यांसमोर एक बाग दिसली पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं, आणि बाग कुणाची याबद्दल आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही. बिराजदार साहेबांची. फुलांच्या प्रदर्शनात त्यांचे गुलाब नेहमी पहिले यायचे. घराभोवती विटांचे उंच कट्टे, त्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे, कट्ट्यांत गुलाब, मधून स्वच्छ फरशीच्या वाटा. सुजातानं फोटो काढला तेव्हा ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाला टपोरी लाल फुलं आली होती. साहेबांनी आदल्या दिवशी गेरू नवीन दिला होता, हे त्यांच्या बायकोनं, म्हणजे महादेवी काकूंनी, आम्हाला चहा देताना सांगितलं. "माझं लग्न झालं तेव्हा घराला एवढा रंग दिला नव्हता." साहेब कट्ट्यावर बसून ऐकू न आल्यासारखं करत होते.

पोस्टर फार देखणं झालं. वर गुलाब, खाली 'आपला पाऊस आपल्या अंगणात'. सोसायट्यांनी ते मागून नेलं. लोक फोन करून विचारत, वीट कुठली वापरायची. मी नावं लिहीत गेले आणि मनात म्हटलं, मोहीम मार्गी लागली.

जुलैतल्या एका दुपारी मोठी सर आली. ती ओसरताच आम्ही तिघं सुजाताच्या गाडीतून बघायला निघालो. पहिल्या घरी नवा कट्टा. विटांचा, गुडघ्याएवढा उंच, गेरूचुन्यासकट. आत तुळस, जास्वंद, माती वरून जेमतेम ओली. पाणी कट्ट्याला वळसा घालून आधीपेक्षा जोरात रस्त्यावर चाललेलं. दुसऱ्या घरी तसंच. एका सोसायटीच्या सचिवांनी आम्ही येणार म्हणून कट्ट्याभोवतीच्या उरलेल्या मातीवरही फरशी बसवून घेतली होती, चिखल नको म्हणून. "पोस्टरसारखं झालंय ना अगदी?" त्यांनी विचारलं. झालं होतं. अगदी पोस्टरसारखं. मजकुरात खोलगट वाफा असं छापलं होतं, पण चित्रात कट्टा होता, आणि लोकांनी चित्र वाचलं होतं.

शेवटी नरसम्माची गल्ली राहिली. तिच्या घरात घोट्यापर्यंत पाणी. खाटेवर तंबाखू, सूप, वळलेल्या विड्यांचे जुडगे, सगळं उचलून ठेवलेलं, आणि ती भांड्यानं पाणी बाहेर काढत होती. साहेबांनी सवयीनं मान वर करून विचारलं, "पाणी कुठनं येतं?"

नरसम्मानं भांडं खाली ठेवलं. "तुमाला खरंच म्हाइत न्हाय, साहेब?"

"रस्त्याचं असेल."

"रस्त्याच्या पाण्यात गुलाब असतोय व्हय?" तिनं ओंजळीत पाणी घेऊन पुढं केलं. त्यात लाल पाकळ्या होत्या. "तुमच्या भिंतीतनं येतंय. दरसाली येतंय. मोहीम पाण्याचीच हाय म्हणून बोलले, न्हायतर कशाला बोलायची. तुमी माणूस चांगले हाय."

गल्लीच्या वरच्या अंगाला साहेबांच्या कुंपणाची मागची भिंत दिसत होती. भिंतीच्या बुडाशी, त्यांच्या फरशीवरचं पाणी जावं म्हणून ठेवलेलं एक भोक होतं. त्यातून अजून धार पडत होती.

त्यानंतर साहेब बैठकीला आले नाहीत. सकाळचा फोन बंद झाला. पुढचं पोस्टर कुठल्या बागेचं करायचं हे अडून राहिलं होतं, आणि ज्यांनी कट्टे बांधले ते आता विचारत होते, साहेबांच्या घरी आहे ते चूक कसं? साहेबांचेच कट्टे उभे असताना दुसऱ्यांना फोडा म्हणायला आम्हाला तोंड नव्हतं, आणि इतक्या वर्षांची बाग खणा असं त्यांना कोण म्हणणार? मी काकूंना फोन केला. "कट्ट्यावर बसून असतात," त्या म्हणाल्या. "चहा तिथंच, पेपर तिथंच. काल झाडांशी कानडीत बोलत होते. माझ्याशी बोलत नाहीत म्हणून मी काही म्हणाले नाही."

एका सकाळी फोन वाजला. "यादीबाई, कलम लिहा. कुदळ आणि पहार. माझ्याकडची मोडली आहे."

आम्ही पोचलो तेव्हा पहिला कट्टा त्यांनी स्वतः फोडलेला होता आणि विटा नीट रचून ठेवलेल्या होत्या. बुशशर्ट घामानं चिकटलेला. मी म्हटलं, मजूर बोलावते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. थोड्या वेळानं दम खायला बसले आणि म्हणाले, "पाणी वर चढत नाही. एवढं समजायला मला निवृत्त व्हावं लागलं." सुजाता हसली नाही, मीही नाही. मग तेच हसले, तेव्हा आम्ही हसलो.

गुलाब त्यांनी मुळांसकट काढून ओल्या गोणपाटात बांधले आणि आल्यागेल्याला देऊन टाकले. प्रत्येकाला सांगत, याला सकाळचं ऊन हवं, याला माती दाबू नका. काही नव्या घरी जगले नाहीत हे मला नंतर कळलं. त्यांना मी सांगितलं नाही. एक ग्लॅडिएटर कुंडीत गेला.

खरी अडचण पुढच्या अंगणात आली. साहेब दारापर्यंत खणत आले आणि काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "इथपर्यंत आलात तर मी रांगोळी कुठं घालू? तुमच्या खड्ड्यात?"

साहेब म्हणाले, पाऊस महत्त्वाचा.

"पाऊस चार दिवस. रांगोळी रोज."

हे ऐकून सुजातानं कॅमेरा खाली ठेवला. ती म्हणाली, आपण ज्या ज्या घरी गेलो तिथं बायका फरशी काढायची म्हटलं की गप्प होत होत्या, त्याचं कारण हे होतं. कुणी बोललं नाही, कारण रांगोळीसाठी पाऊस वाया घालवते असं कोण म्हणेल? शेवटी उंबऱ्यासमोरच्या दोन शहाबादी फरश्या तशाच राहिल्या आणि त्यांच्या कडेपासून वाफा खाली उतरला. काकूंनी जागा मापून बघितली आणि एवढी पुरे म्हणाल्या.

नव्या पोस्टरवरून मात्र वाद झाला. साहेबांना खणलेला, मोकळा वाफाच दाखवायचा होता, झाडं लावायच्या आधीचा. सुजाता म्हणाली, "साहेब, खड्ड्याचं पोस्टर कोण लावेल? रस्त्यावर फुकट दिसतात की."

"गुलाब दाखवले तर लोक गुलाब बघतात. खोली बघत नाहीत."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी चित्रात पुढं काकूंची ठिपक्यांची रांगोळी आली, दोन फरश्यांवर, आणि तिच्यामागं खोलगट वाफा, त्यात पाइपातून पाणी पडतंय, काठावर साहेब उकिडवे बसलेत आणि त्यांचा हात कोपरापर्यंत वाफ्यात आहे. फूल एकही नाही. मजकूर एकच ओळ, साहेबांचा प्रश्न. सोसायट्यांमध्ये ते पोस्टर लागलं तेव्हा बायका आधी रांगोळीकडं बघायच्या, मग मागं. ज्या सचिवांनी जास्तीची फरशी बसवली होती त्यांचा फोन आला, की ती काढायची असेल तर किती खोल जायचं? मी सांगितलं, "साहेबांच्या कोपरापर्यंत."

साहेबांचा सकाळचा फोनही परत सुरू झाला. ते आता जुन्या कट्ट्यांच्या घरी स्वतः जायचे आणि घराला वळसा घालून झाला की सांगायचे, हे कट्टे माझे बघून बांधलेत, ते मीच फोडायला सांगतो. लोकांनी चेष्टा केली तर करू द्यायचे. एक जण म्हणाला, "साहेब, पुढच्या वर्षी परत बांधायला तर लावणार नाही ना?" साहेब म्हणाले, "निधान. आधी हे होऊ दे." स्वतःच्या वाफ्याबद्दल कुणी विचारलं, तर म्हणायचे, अजून पाऊस कुठं झालाय. श्रावणात नुसती भुरभुर होती. मोठी सर आल्याशिवाय खरं काय ते कळणार नव्हतं, आणि सगळं खणून टाकल्यावर ते फसलं असतं, तर त्यांच्याकडं ना गुलाब राहिले असते ना बोलायला जागा.

त्या थंडीत साहेब गेले. झोपेतच, फार त्रास न होता. भेटायला आलेल्यांत निम्मे लोक फाटकातून आत आल्यावर नकळत आधी गच्चीच्या पाइपाकडं बघत होते, हे मी पाहिलं.

पण मला ते आठवतात ते परतीच्या पावसातले. दुपारी आभाळ काळं झालं आणि अशी सर आली की आमच्या कार्यालयासमोरचा रस्ता दिसेना. हातातलं काम टाकून मी छत्री घेऊन त्यांच्या घरी गेले. काकू दारात होत्या. समोरचा वाफा काठापासून थोडा खाली, तुडुंब भरलेला, कर्दळी त्यात उभ्या, पाइपाची धार जोरात. फरश्यांवरची रांगोळी धुऊन गेली होती. "साहेब?" मी विचारलं. काकूंनी हातानंच मागं दाखवलं.

ते अंगणात नव्हते. ते भिंतीपलीकडं होते, नरसम्माच्या गल्लीत. छत्री मिटून काखेत, बुशशर्ट अंगाला चिकटलेला, आणि भिंतीच्या बुडाशी उकिडवे बसून त्यांनी तळहात त्या भोकाखाली धरला होता. वरून पाऊस पडतच होता, पण भोकातून काही येत नव्हतं.

नरसम्मा तिच्या दारात उभी होती. घरात विड्यांचं सूप जमिनीवरच होतं. "साहेब, भिजताय की," ती म्हणाली. "आत या. कवापासनं बसलाय."

"थांब जरा. येतंय का बघतो."

"काय येतंय? काय बी येत न्हाय."

साहेबांनी मान डोलावली. हात मात्र काढला नाही.